क्षण टिपला, पण साठवला का?

तळ्याकाठच्या फांदीवर बसलेला खंड्या तुम्ही पाहिला असेल. तो एकाएकी पाण्यात सूर मारतो आणि क्षणार्धात चोचीत मासा धरून वर येतो. हा सारा खेळ टिपण्यासाठी छायाचित्रकार बटण दाबून धरतो आणि कॅमेरा सेकंदाला वीस चित्रे घेऊ लागतो. पण कधीकधी नेमका मासा वर येताना कॅमेरा अडखळतो. भिंग चांगले, प्रकाश भरपूर; मग अडले कोठे? ते अडते कॅमेऱ्याच्या पोटातील लहानशा स्मृतिपत्रात, म्हणजेच मेमरी कार्डात. असे का होते, ते पाहू या.

प्रथम थोडे गणित

समजा, कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राहक पटलावर २ कोटी ४० लाख बिंदू आहेत आणि प्रत्येक बिंदूची नोंद १४ बिटांत होते. २,४०,००,००० ला १४ ने गुणले की ३३,६०,००,००० बिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एका चित्राचे ४ कोटी २० लाख बाइट, अर्थात ४२ मेगॅबाइट झाले. ही माहिती न आवळता जशीच्या तशी ठेवायची, तर सेकंदाला वीस चित्रांचे ८४० मेगॅबाइट होतील.

आता आपले कार्ड सेकंदाला २४० मेगॅबाइटच लिहू शकते असे धरा. उरलेले ६०० मेगॅबाइट कोठे जातील? त्यासाठी कॅमेऱ्यात एक तात्पुरती स्मृती असते. तिला बफर म्हणतात. नळ मोठा आणि मोरी लहान असली की मधला हौद जसा भरत जातो, तसाच हा बफर भरतो. तो ३,००० मेगॅबाइटांचा असेल, तर ३,००० भागिले ६००, म्हणजे पाच सेकंदांत तुडुंब होईल. त्यानंतर मोरीतून जेवढे जाईल तेवढेच आत येणार! वीस चित्रांऐवजी सेकंदाला जेमतेम पाच-सहा चित्रे निघतील. खंड्या काही आपल्यासाठी थांबत नाही.

लिहिणे सावकाश का?

कार्डातील स्मृतीला फ्लॅश स्मृती म्हणतात. जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती शोधून काढली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. या स्मृतीचा मोठा भाग एकदम पुसला जातो. त्यावरून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या लखलखाटाची आठवण झाली आणि हे नाव पडले. आज कार्डांत वापरतात तो नँड हा प्रकार १९८७ साली पुढे आला.

या स्मृतीच्या प्रत्येक कोषात इलेक्ट्रॉन साठवण्याची एक सूक्ष्म जागा असते. ती निरोधक थराने चारी बाजूंनी वेढलेली असते. म्हणूनच वीज बंद झाली तरी इलेक्ट्रॉन आतच राहतात आणि माहिती टिकते. पण जी भिंत इलेक्ट्रॉनांना बाहेर जाऊ देत नाही, ती त्यांना सहजासहजी आतही येऊ देत नाही. लिहिताना सुमारे वीस व्होल्टपर्यंतचा दाब देऊन त्यांना भिंतीपलीकडे ढकलावे लागते. ते बेताबेताने करावे लागते, दर वेळी तपासावे लागते. म्हणून वाचण्यापेक्षा लिहिण्यास बराच अधिक वेळ लागतो. शिवाय प्रत्येक वेळी भिंतीची किंचित झीजही होते.

मग वेग येतो कोठून?

स्मृती पानापानांनी लिहिली जाते. समजा, १६ किलोबाइटांचे एक पान लिहायला अर्धा मिलिसेकंद लागतो. मग एका सेकंदात २,००० पाने, म्हणजे ३२ मेगॅबाइट लिहून होतील. ८४० मेगॅबाइटांसाठी ८४० भागिले ३२, म्हणजे अशा किमान २७ पानांवर एकाच वेळी काम चालले पाहिजे. एक लेखनिक कितीही चपळ असला तरी पुरत नाही. अनेक लेखनिक ओळीने बसवावे लागतात. वेगवान कार्डातील नियंत्रक हेच काम वाटून देतो.

लेखनिक वाढले तरी त्यांच्यापर्यंत मजकूर नेणारा रस्ताही रुंद हवा. १९९९ साली आलेल्या एसडी कार्डाचा मूळ रस्ता सेकंदाला १२.५ मेगॅबाइटांचा होता. पुढे यूएचएस-२ या पद्धतीत तो ३१२ पर्यंत गेला. २०१७ साली ठरलेल्या सीएफएक्स्प्रेस पद्धतीत संगणकाच्या आतील पीसीआय एक्स्प्रेस हाच मार्ग कार्डात आणला गेला. त्याच्या दोन मार्गिकांवरून सेकंदाला सुमारे २,००० मेगॅबाइट जाऊ शकतात. २०२३ च्या चौथ्या आवृत्तीने ही मर्यादा दुप्पट केली.

छापील आकडा आणि खरा वेग

कार्डावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचनाचा आणि तोही ‘जास्तीत जास्त’ असतो. काही कार्डे आरंभी झपाट्याने लिहितात, पण आतील जलद भाग भरला किंवा कार्ड तापले की मंदावतात. म्हणून चलच्चित्रणासाठी किमान वेगाची हमी पाहावी. व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० या खुणांचा अर्थ लेखनाचा वेग सेकंदाला अनुक्रमे ३०, ६०, ९० मेगॅबाइटांच्या खाली जाणार नाही, असा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बफरमधील माहिती वीज असेपर्यंतच टिकते. आपल्या उदाहरणातील भरलेला हौद रिकामा व्हायला साडेबारा सेकंद लागतील. तेवढ्यात घाईने कार्ड किंवा बॅटरी काढली, तर टिपलेली चित्रे कायमची जातील. कॅमेऱ्यावरचा लेखनाचा दिवा विझेपर्यंत थांबणे हाच त्यावर उपाय.

करून पाहा

घरातील मोबाइलवर बरोबर ६० सेकंदांचे चलच्चित्र घ्या. त्याची फाइल किती मेगॅबाइटांची झाली ते पाहून त्या आकड्याला ६० ने भागा. येणारे उत्तर व्ही ३० च्या हमीपेक्षा किती कमी किंवा जास्त आहे? मग खंड्याच्या ८४० मेगॅबाइटांशी त्याची तुलना करा आणि एवढा फरक का पडला असावा, याची वर्गात चर्चा करा. माहिती ‘आवळून’ ठेवणे म्हणजे काय, याचा विचार केलात तर उत्तराची दिशा सापडेल.