बागेतील हौदाच्या गाळणीसाठी साहित्याची निवड

घराच्या अंगणात किंवा परसबागेत लहानसा हौद बांधून त्यात कमळ लावण्याची व मासे सोडण्याची हौस आता अनेक शेतकरी कुटुंबांत दिसून येते. असा हौद पहिले काही दिवस निर्मळ राहतो. पुढे पाणी हिरवे होते, त्याला वास येऊ लागतो आणि एखाद्या सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना आढळतात. यावर उपाय म्हणून पिंप, लहान पंप व खडी यांच्या साहाय्याने घरच्या घरी गाळणी तयार करता येते. तिला खर्च थोडा लागतो. मात्र घरात पडून असलेली कोणतीही वस्तू गाळणीत भरल्यास, ज्या माशांसाठी ती केली तेच तिच्यामुळे दगावण्याचा संभव असतो.

साहित्य निवडण्यापूर्वी गाळणीचे खरे कार्य समजून घेणे अवश्य आहे. गाळ अडविणे हे तिचे दुय्यम काम होय. मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजूनही तो उत्पन्न होतो. हा अमोनिया माशांना विषारी आहे. काही सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक असते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून वनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. शेतजमिनीतही हीच क्रिया चालते. हे जीवाणू वेगळे काढून दाखविण्याचे श्रेय १८९० च्या सुमारास संशोधन करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांचे आहे. जीवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटून वाढतात. तेव्हा गाळणीतील खडी ही वस्तुतः त्यांची वसती होय. ती खडबडीत असावी, तिच्यातून पाणी मोकळे वाहावे, आणि तिने पाण्यात स्वतःचे काहीही सोडू नये.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मिळणारी काळ्या दगडाची खडी या कामास उत्तम आहे. सुमारे १२ ते २० मिलिमीटर आकाराची खडी घ्यावी. तुकडा निम्म्या आकाराचा केल्यास तितक्याच ढिगात पृष्ठभाग दुप्पट मिळतो हे खरे. पण फार बारीक खडी गाळाने लवकर तुंबते व आतील जीवाणूंना प्राणवायू मिळेनासा होतो. खाणीवरील खडीला दगडाची भुकटी चिकटलेली असते. पाणी नितळ निघेपर्यंत ती धुवावी. गारगोटीचे गोटे निर्धोक असले तरी त्यांचा गुळगुळीतपणा जीवाणूंस तितकासा मानवत नाही. कोकणातील जांभा सच्छिद्र खरा, परंतु मऊ जांभा झिजून पाणी तांबडे करतो.

चुन्याच्या बाबतीत थोडा विचार केला पाहिजे. पाण्यातील अमोनियाचा किती अंश विषारी रूपात राहील हे मुख्यतः सामूवर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असल्यास हा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ झाल्यास तो सुमारे पाच टक्के होतो आणि ९ झाल्यास एक तृतीयांशाच्या वर जातो. म्हणजे अमोनिया तेवढाच असूनही केवळ सामू वाढल्याने मासे मरू शकतात. ताजे सिमेंट, कळीचा चुना आणि गिलाव्याचे तुकडे सामू झपाट्याने वाढवितात. पाडलेल्या भिंतीच्या विटा वापरताना तिला चिकटलेला दर्जाचा मसाला याच कारणाने काढून टाकावा.

शहाबादी फरशी, संगमरवर व शिंपले यांतील चुना निराळ्या स्वरूपाचा असतो. तो सावकाश विरघळतो व सामू साधारणपणे ८ च्या थोडा वर नेऊन थांबतो. विहिरीचे पाणी आधीच जड असेल तेथे हे तुकडे घालू नयेत. कोकणासारख्या हलक्या पाण्याच्या भागात मात्र ओंजळभर शिंपले उपयोगी पडतात. कारण जीवाणूंच्या क्रियेत आम्ल तयार होऊन पाण्याचा अल्कधर्म हळूहळू खर्ची पडत असतो. दगड चुन्याचा आहे की नाही हे ओळखण्यासाठी तो खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगर टाकावे. बुडबुडे आल्यास त्यात चुना आहे असे समजावे.

सिमेंटच्या नव्या हौदाची परीक्षा हळदीने करता येते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेली कागदाची पट्टी हौदाच्या पाण्यात धरावी. हळद व चुना यांपासून कुंकू कसे होते हे घरोघरच्या स्त्रियांना ठाऊक आहेच. तद्वत पट्टी तांबूस झाली तर त्या पाण्यात मासे सोडू नयेत. हौद भरून काही दिवस ठेवावा, रिकामा करावा व पुन्हा भरावा. पट्टी पिवळीच राहीपर्यंत असे करीत राहावे.

खडीचे वजन नको असल्यास मंगलोरी कौलांचे किंवा पक्क्या विटांचे तुकडे वापरावेत. वाजविल्यावर खणखणीत आवाज देणारी वीटच घ्यावी. कमी भाजलेली वीट पाण्यात विरघळून चिखल होतो. खंगर झालेल्या विटेचा पृष्ठभाग काचेसारखा होतो. पाण्याच्या बाटल्यांची स्वच्छ झाकणे, प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे, शेडनेटचे नवे कापलेले तुकडे हेही चालतात. हे सर्व कांद्याच्या जाळीदार गोणीत भरल्यास धुण्यास सोयीचे जाते.

तांबे, पितळ व जस्त ही गाळणीत असता कामा नयेत. तांब्याच्या हंड्यातील पाणी माणसाला चांगले म्हणून माशालाही चांगले असेल, हा समज चुकीचा आहे. तांब्याचा अगदी अल्प अंशही माशांचे कल्ले निकामी करतो, आणि पाणी जितके हलके तितका हा परिणाम तीव्र होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, जाळी व तार यांचेही तसेच. बोर्डो मिश्रणासाठी वापरलेली बादली मोरचुदामुळे वर्ज्य होय.

सर्वांत मोठा धोका पिंपात असतो. कीटकनाशकाचा डबा कितीही वेळा धुतला तरी तो वापरू नये. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत आणि ती प्लॅस्टिकला चिकटून राहतात. रिकाम्या वेष्टनांचा पुन्हा वापर होऊ नये यासाठी १९७१ च्या कीटकनाशक नियमांत तरतूद आहे, ती उगाच नव्हे. भंगारवाल्याकडील निळ्या पिंपात पूर्वी काय होते हे त्यालाही सांगता येत नाही. खाद्यतेलाचे किंवा लोणच्याचे पिंप मिळवावे. थोडे अधिक पैसे पडले तरी हरकत नाही. फवारणी पंपाच्या नळ्या व गाळण्याही याच कारणाने दूर ठेवाव्यात.

जुन्या गादीचा स्पंज टाळावा. त्यावर कोणती रसायने असतील याचा भरवसा नसतो. काथ्या चालतो, पण तो आधी भिजवून तांबडे पाणी काढून टाकावे लागते व कालांतराने तो कुजतो. लोणारी कोळसा राख पूर्ण धुऊन वापरल्यास रंग व वास काही काळ शोषतो. त्यावर विसंबून राहू नये. बॉयलरची राख व जळलेले खडे यांत धातूंचे अंश असतात, ते नकोत.

इतके करूनही शंका राहिल्यास दोन टबांत एकाच ठिकाणचे पाणी घ्यावे. एकात ते साहित्य भरपूर टाकावे, दुसऱ्यात काहीही टाकू नये. दोन दिवसांनी प्रत्येकात तीन-चार गप्पी मासे सोडून चार दिवस पाहावे. पहिल्या टबातील मासे सुस्त झाले व दुसऱ्यातील ठीक राहिले तर ते साहित्य टाकून द्यावे.

गाळणी सुरू केल्यावर जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे थोडे ठेवावेत व खाद्य कमी घालावे. खडी एकाच वेळी सगळी धुऊ नये. अर्धी आज, अर्धी पंधरवड्याने, आणि तीही हौदाच्याच पाण्यात धुवावी. टी.सी.एल. पावडर घातलेल्या नळाच्या पाण्याने जीवाणू मरतात. वीज कित्येक तास गेल्यास गाळणीतील पाणी कुजके होते. अशा वेळी पंप पुन्हा चालू करण्यापूर्वी पिंपाच्या तळाची तोटी उघडून ते पाणी झाडांच्या आळ्यात सोडावे व मगच गाळणी हौदाला जोडावी.