दख्खनचे दंगे : कारणे आणि परिणाम

समाजातील हिंसक संघर्ष अकस्मात उद्‌भवल्यासारखा दिसतो. वस्तुतः त्याची पूर्वतयारी दीर्घकाळ चाललेली असते. या दृष्टीने १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचा अभ्यास उद्बोधक ठरतो.

दिनांक १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी आसपासचे शेतकरी जमले व त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. हाती आलेले कागद जाळण्यात आले, धान्याची दुकाने लुटली गेली, क्वचित घरांनाही आगी लावण्यात आल्या. ही लाट लवकरच अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचली व ३० हून अधिक गावे तिच्या कक्षेत आली. जमावाचा मुख्य रोख मात्र माणसांपेक्षा कागदांवर होता. या वैशिष्ट्यातच दंग्यांचे मूळ सापडते.

रयतवारी पद्धतीत सारा रोख व ठरलेल्या वेळी भरावा लागे. पीक बुडाले की सावकाराचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले आणि कर्ज सढळपणे मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले व सावकारांनी हात आखडता घेतला. नेमक्या याच सुमारास फेरआकारणी होऊन काही भागांत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला.

कायद्यानेही रयतेला आधार दिला नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याची मुदत तीन वर्षांची केली. उद्देश व्याज साचू नये हा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. निरक्षर कुळ न वाचता अंगठा उठवी. पुढे न्यायालयात एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन जाई.

इशारा मिळाला नव्हता असे नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता. बलुतेदारांनीही त्यांची कामे थांबवली होती. या शांततामय प्रतिकाराची वेळीच दखल घेतली गेली नाही.

दंग्यांनंतर लष्कर आले, शेकडो लोकांना अटक झाली. चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यात सावकारीवर ठपका होता; सरकारी साऱ्याला मात्र मूळ कारण मानलेले नव्हते. १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी साहाय्य कायदा झाला. कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला, कर्जापायी होणारा तुरुंगवास बंद झाला, रोख्यांची गावपातळीवर नोंदणी व लेखी पावतीची तरतूद झाली. परंतु पर्यायी पतपुरवठा उभा राहिला नाही. त्यामुळे गरजूला कर्ज मिळणे अधिकच दुरापास्त झाले. ही उणीव भरून काढण्याचा कायदेशीर प्रयत्न १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने सुरू झाला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ दारिद्र्यामुळे दंगा होत नाही. दाद मागण्याचे सारे मार्ग खुंटल्याची भावना दृढ झाली म्हणजे तो होतो. हिशेब वाचून दाखवणे, पावती देणे, तक्रार वेळेवर ऐकणे ही कामे वरकरणी क्षुल्लक वाटतात. तथापि गावाची शांतता बव्हंशी त्यांवरच अवलंबून असते.