शिफ्ट सांभाळताना

पोरी, भिवंडीजवळच्या मानकोलीच्या गोदामात तू शिफ्ट इन्चार्ज झालीस, घरोघरी पेढे वाटून झाले. आता काकाच्या चार कामाच्या गोष्टी ऐक. माझी उभी हयात लूमच्या कारखान्यात मेहता म्हणून हिशेब ठेवण्यात गेली. मऊ-आझमगडचे अन्सारी, तेलंगणातले पद्मशाली, बिहार-ओडिशाचे कारीगर आणि आपले आगरी-कुणबी, सगळे एकाच पत्र्याखाली. तुझ्याकडंही माणसं तीच, फक्त धोट्याच्या जागी खोकी आली. माणसं निराळी आहेत म्हणून काम अडत नाही, वाटणी वाकडी झाली की अडतं. एवढं पक्कं धर.

१. हाक नावानं मार. 'ए भैया', 'ए मद्रासी' हे तुझ्या तोंडून एकदा निघालं की सगळ्या गोदामाला परवाना मिळतो. पहिल्या आठवड्यात हजेरीपट पाठ कर. कोणी जातीवरून, भाषेवरून शेरा मारला तर पहिल्यांदा बाजूला घेऊन समज दे. दुसऱ्यांदा लेखी दे, मग तो आपल्या गावचा का असेना.

२. जड काम फिरतं ठेव. गाडी खाली करणं सगळ्यात अंगमोडीचं, पॅकिंगचं टेबल त्यामानानं सुखाचं. टेबलावर कायम गाववाले आणि गाडीवर कायम परप्रांतीय, असं दिसलं की कुजबुज सुरू होते. आठवड्याचा तक्ता भिंतीवर लाव. लूमवर मजुरी मीटरवर असायची, तेव्हा चांगलं सूत कोणाच्या लूमवर चढलं यावर रुसवे व्हायचे. खराब सुताचा धागा सारखा तुटतो, लूम थांबतो, मीटर कमी भरतात. कारीगर म्हणायचा, 'आमच्या लोकांना मुद्दाम देता.' सुताचे बीम आळीपाळीनं फिरवून दिले की हे बोलणंच संपायचं.

३. 'समजलं का?' विचारू नकोस. सगळे मान डोलावतात. नवा माणूस इन्चार्जसमोर 'नाही' म्हणत नाही, भाषा कच्ची असेल तर मुळीच नाही. त्याऐवजी 'करून दाखव' म्हण. पॅलेट उचलायचं यंत्र आणि आगीची वाट या दोन गोष्टी तर हातानं करून घे. पहिले आठ दिवस नव्याला त्याची भाषा येणारा जोडीदार दे, पुढं जोडी बदल.

४. सणांचा तक्ता जानेवारीतच बनव. गणपतीला आपली पोरं, नवरात्रात बतुकम्माला तेलुगू बाया, दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठला बिहारी, गव्हाच्या कापणीला यूपीवाले रजा मागणार. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडं सरकते, तेव्हा गेल्या वर्षीची तारीख धरून बसू नकोस. रमजानात मधली सुट्टी सूर्यास्ताला सरकव, शुक्रवारी दुपारी नमाजाला वेळ दे. गेलेली वेळ कशी भरून काढायची ते सगळ्यांदेखत ठरव. एकाच्या सणाला दुसऱ्यानं जागा भरायची, हा सौदा उघड असला की कोणाला मेहेरबानी वाटत नाही.

५. एका ठेकेदारावर सगळी लाइन सोडू नकोस. तो एकाच जिल्ह्यातून माणसं आणतो. रुसली तर सगळी रुसतात, गेली तर सगळी जातात. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीत भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली, तेव्हा कारखाने कसे ओस पडले ते तू पाहिलंच आहेस.

६. बायकांच्या अडचणी बायकांनाच विचार. शौचालय किती लांब, घरी जायची सोय काय, हे पुरुष सांगणार नाहीत. 2017 च्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यानं रात्री साडेनऊ ते सकाळी सात काम द्यायचं तर बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. दहा माणसं असली की 2013 च्या कायद्यानुसार लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समितीही हवी. तिच्यातल्या बायकांची नावं दारावर लाव.

७. भांडणाला जातीधर्माचं नाव पडायच्या आत त्याचं मूळ शोध. पंख्याखालची जागा, ओव्हरटाइमचे पैसे, पाण्याचा नळ, बहुतेक वेळा एवढंच असतं. त्याच शिफ्टमध्ये निकाल लाव, दोघांचं ऐकून लाव. मोबाइलवरची अफवा गोदामात पसरू देऊ नकोस.

८. सगळं शांत असताना माणसांना एकत्र बसव. आपल्या भिवंडीनं 1970 आणि 1984 च्या मे महिन्यातल्या हिंदू-मुसलमान दंगली सोसल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि बीटचे पोलीस नेमानं भेटायचे, गटार-नळाच्या तक्रारींवरही बोलायचे. डिसेंबर 1992 ते जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ओळख आधी झाली होती, म्हणून संकटात एकमेकांच्या शब्दाला वजन होतं. तूही महिन्यातून एकदा प्रत्येक गटातला एकेक माणूस घेऊन अर्धा तास बस. पुढारी निवडू नकोस, ज्याचं ऐकतात तो निवड.

हे सगळं एका दिवसात जमणार नाही. उद्या फक्त जड कामाचा तक्ता लाव आणि त्यात पहिल्याच आठवड्यात आपल्या गावच्या पोरांची नावं गाडीवर टाक. तुझा न्याय लोकांना तिथं दिसेल.