डिस्कव्हर कार्ड : चाळीस वर्षांची वाढ आणि वटावातली चूक

दुकानात गिऱ्हाईक क्रेडिट कार्ड पुढे करते. आपण ते यंत्राला लावतो, चिठ्ठी निघते आणि माल गिऱ्हाइकाच्या हाती जातो. पुढे पैसे खात्यात जमा होतात, पण शंभर रुपयांच्या विक्रीचे पूर्ण शंभर रुपये मिळत नाहीत. मधला वटाव कोणी कापला, कशासाठी कापला आणि तो ठरल्याप्रमाणे कापला की नाही, हे विचारणारे आपल्यात थोडेच आहेत.

हा व्यवहार आतून कसा चालतो हे समजण्यासाठी अमेरिकेतील डिस्कव्हर या कंपनीचा इतिहास उपयोगी आहे. ही कंपनी एकाच वेळी बँकही होती, कार्ड देणारीही होती आणि कार्डाचे जाळे चालवणारीही होती. तिची वाढ कोणत्या धोरणाने झाली आणि अखेर तिच्या नावाला बट्टा कशाने लागला, हे दोन्ही आपण या लेखात पाहू.

दुकानदाराच्या घरात जन्मलेले कार्ड

डिस्कव्हरचा जन्म बँकेच्या पोटी झाला नाही, तो दुकानदाराच्या घरी झाला. शिकागोची सीअर्स ही अमेरिकेतील अवाढव्य किरकोळ व्यापारी कंपनी होती. आपल्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला कपडे आणि अवजारांबरोबर विमा, शेअर आणि कर्जही विकावे, असे तिने ठरवले. १९८१ मध्ये तिने डीन विटर ही शेअर दलालीची पेढी घेतली. नंतर डेलावेअर राज्यातील ग्रीनवुड या लहान गावची एक छोटी बँक घेतली. या बँकेच्या आधारावर सप्टेंबर १९८५ मध्ये अटलांटा शहरात डिस्कव्हर कार्ड सुरू झाले. जानेवारी १९८६ मध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या वेळी दूरदर्शनवर जाहिरात देऊन ते देशभर नेण्यात आले.

कार्डात दोन आकर्षणे होती. पहिले म्हणजे वार्षिक फी नाही. दुसरे म्हणजे वर्षभरात जितकी खरेदी होईल तिचा काही भाग गिऱ्हाइकाला रोख परत. आज ही गोष्ट नेहमीची झाली आहे, त्या वेळी ती नवी होती.

अडचण होती ती दुकानदारांची. सीअर्सशी स्पर्धा करणाऱ्या दुकानांनी सीअर्सचेच कार्ड का घ्यावे? त्यांना वळवण्यासाठी डिस्कव्हरने इतरांपेक्षा कमी वटाव आकारला. स्वतः सीअर्सच्या दुकानांत मात्र व्हिसा व मास्टरकार्ड १९९३ पर्यंत घेतले जात नव्हते. सुरुवातीचा तोटा सीअर्सने सोसला, कारण गिऱ्हाईक एकदा जोडले की ते वर्षानुवर्षे राहते हे तिला ठाऊक होते. १९९३ मध्ये डीन विटर आणि डिस्कव्हर सीअर्सपासून वेगळे झाले, १९९७ मध्ये मॉर्गन स्टॅन्लीत मिळाले आणि २००७ मध्ये डिस्कव्हर स्वतंत्र कंपनी झाली.

मधले हात कमी करण्याचे धोरण

व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या व्यवहारात दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये तीन हात असतात. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला यंत्र देणारी बँक आणि दोघींना जोडणारे जाळे. दुकानदाराकडून कापलेला वटाव या तिघांत वाटला जातो, आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो.

डिस्कव्हरने कार्डही स्वतः दिले आणि जाळेही स्वतःचे उभारले. त्यामुळे वटावाचा बराचसा भाग एकाच घरात राहिला. यंत्रमागावर कापड विणणारा कारागीर स्वतःच रंगाई करील आणि स्वतःच पेठेत विकील, तर अडत्याची अडत वाचते, तसाच हा प्रकार आहे. गिऱ्हाइकाला रोख परत देण्याची ताकद या बचतीतूनही आली.

मात्र स्वतःचे जाळे उभारणे खर्चाचे असते. गल्लीबोळातल्या प्रत्येक दुकानापर्यंत आपला माणूस पाठवणे डिस्कव्हरला परवडेना. म्हणून २००६ पासून तिने दुकानांना यंत्रे पुरवणाऱ्या इतर कंपन्यांशी करार केले आणि लहान दुकाने त्यांच्यामार्फत जोडली. मोठी गिऱ्हाइके स्वतः सांभाळावी आणि किरकोळीचे काम दुसऱ्यावर सोपवावे, हा व्यवहारी मार्ग होता.

बंद दारे आणि न्यायालय

डिस्कव्हरच्या वाटेत मोठा अडसर होता. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार त्यांच्या सभासद बँकांना डिस्कव्हर किंवा अमेरिकन एक्सप्रेसचे कार्ड देण्यास मनाई होती. अमेरिकन सरकारने १९९८ मध्ये याविरुद्ध दावा लावला. २००१ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिल्याने तो कायम झाला. त्यानंतर डिस्कव्हरने स्वतः भरपाईचा दावा केला. २००८ मध्ये तडजोड होऊन तिला २.७५ अब्ज डॉलर मिळाले.

दुसरी एक गोष्ट दुकानदारांनी विशेष लक्षात घ्यावी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डिस्कव्हरने दुकानदारांना सांगितले की आमचा वटाव कमी आहे, तेव्हा गिऱ्हाइकांना आमचे कार्ड वापरायला सांगा. ही मोहीम फसली. इतर जाळ्यांच्या करारात अशी अट होती की दुकानदाराने गिऱ्हाइकाला दुसऱ्या कार्डाकडे वळवू नये. म्हणजे स्वस्त माल बाजारात असूनही तो स्वस्त आहे हे बोलण्यास विक्रेत्याला बंदी होती. दुकानदारांनी सही केलेल्या करारातील एका कलमाने एका कंपनीचे धोरण निकामी केले.

एका शाखेची बँक

थेट बँक म्हणजे जिचा कारभार शाखांविना टपाल, दूरध्वनी आणि संगणकावरून चालतो अशी बँक. देशभर ठेवी गोळा करणाऱ्या डिस्कव्हर बँकेची शाखा एकच होती, ग्रीनवुड गावात. इमारतींचे भाडे, रोखपाल, पहारेकरी यांचा खर्च नाही. जो पैसा वाचला त्यातून ठेवीदाराला इतर मोठ्या बँकांपेक्षा जास्त दर देता आला.

या धोरणाची कसोटी २००८ च्या आर्थिक संकटात लागली. तोपर्यंत कार्ड कंपन्या आपली येणी एकत्र बांधून रोख्यांच्या रूपाने गुंतवणूकदारांना विकत आणि नवे भांडवल उभे करीत. संकटात तो बाजार आटला. त्या काळात डिस्कव्हर बँक होल्डिंग कंपनी झाली आणि मार्च २००९ मध्ये तिने सरकारकडून सुमारे १.२ अब्ज डॉलरचे भांडवल घेतले. ते तिने २०१० मध्ये परत केले. पुढे तिने सामान्य ठेवीदारांवर भर दिला. २०२३ च्या अखेरीस थेट ठेवीदारांच्या ठेवी ८४ अब्ज डॉलरच्या आसपास होत्या, तर एकूण कर्जे सुमारे १२८ अब्ज डॉलर होती. घाऊक सावकार संकटात हात आखडतो, हजारो लहान ठेवीदार मात्र एकदम पाठ फिरवत नाहीत, हे तिने अनुभवाने जाणले.

परदेशी हात आणि रुपे

जाळे जितके मोठे तितके कार्ड उपयोगी. जगभर दुकाने जोडत बसण्याऐवजी डिस्कव्हरने तयार जाळी विकत घेतली किंवा त्यांच्याशी देवघेवीचे करार केले. २००५ मध्ये पल्स हे एटीएमचे जाळे घेतले. २००८ मध्ये डायनर्स क्लब इंटरनॅशनल हे जुने नाव १६.५ कोटी डॉलरला घेतले. चीनची युनियनपे आणि जपानची जेसीबी यांच्याशी करार झाले. अट साधी होती : तुमची कार्डे आमच्या देशात चालतील, आमची तुमच्या देशात.

येथे आपला संबंध येतो. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१२ मध्ये रुपे कार्ड आणले, तेव्हा त्याला परदेशी दार हवे होते. त्याच वर्षी डिस्कव्हरशी करार झाला आणि रुपेची ठराविक कार्डे डिस्कव्हर व डायनर्सच्या जाळ्यावर परदेशात चालू लागली. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या देशात दुकानोदुकानी फिरावे लागले नाही.

नफा नेमका कोठून?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वार्षिक फी नाही, वर रोख परत. मग ही कंपनी जगते कशावर? २०२३ मध्ये खर्चाचे व्याज वजा जाता डिस्कव्हरचे एकूण उत्पन्न सुमारे १५.९ अब्ज डॉलर होते. त्यापैकी सुमारे १३ अब्ज डॉलर निव्वळ व्याजाचे होते. म्हणजे दर सहा डॉलरपैकी पाच डॉलर व्याजातून आले.

जे गिऱ्हाईक महिन्याचे बिल मुदतीत पूर्ण भरते, त्याला कार्ड फुकट पडते. जे थोडे भरून बाकी पुढे ढकलते, ते स्वतःच्या कार्डाचा खर्च भरतेच, शिवाय कंपनीचा नफाही भरते. आपल्याकडेही दरमहा तीन-साडेतीन टक्के लावणारी कार्डे आहेत. साडेतीन टक्के महिना म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के, आणि थकले तर व्याजावर व्याज. व्याजाच्या शरई बाजूविषयी उलेमांना विचारावे, तो या पानाचा विषय नाही. निव्वळ धंद्याच्या हिशेबाने पाहिले तरी ज्या मालावर आपल्याला दहा-पंधरा टक्के सुटतात, तो बेचाळीस टक्क्यांच्या पैशाने भरणे म्हणजे दुकान गहाण टाकणे होय.

सोळा वर्षांची चूक

एवढ्या शिस्तीने वाढलेल्या कंपनीची खोट हिशेबाच्या एका रकान्यात निघाली. दुकानदाराचा वटाव कार्डाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो. धंद्यासाठी दिलेल्या कार्डावर तो जास्त असतो, घरगुती कार्डावर कमी. जुलै २०२३ मध्ये डिस्कव्हरने जाहीर केले की २००७ च्या मध्यापासून काही कार्डे चुकीने सर्वांत महाग वर्गात नोंदली गेली होती. घरगुती कार्डांवर दुकानदारांकडून धंद्याच्या कार्डाचा दर कापला जात होता. ही गोष्ट सुमारे सोळा वर्षे चालू राहिली.

ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी पद सोडले. एप्रिल २०२५ मध्ये ठेव विमा महामंडळाने १५ कोटी डॉलरचा आणि फेडरल रिझर्व्हने १० कोटी डॉलरचा दंड केला. दुकानदार व इतरांना किमान १.२२५ अब्ज डॉलर परत करण्याचा हुकूम झाला.

दरम्यान फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅपिटल वन या बँकेने डिस्कव्हर घेण्याचा करार जाहीर केला होता. किंमत सुमारे ३५.३ अब्ज डॉलर, आणि तीही शेअरच्या रूपाने. १८ मे २०२५ रोजी व्यवहार पूर्ण झाला. कॅपिटल वनला मुख्यतः हवे होते ते डिस्कव्हरचे स्वतःचे जाळे. चाळीस वर्षांपूर्वी जे खर्चिक वाटले, तेच शेवटी सर्वांत मोलाचे ठरले.

आपण काय घ्यावे?

१) मधले हात मोजा. आपला माल गिऱ्हाइकापर्यंत जाताना किती हातांतून जातो आणि प्रत्येक हात किती ठेवून घेतो, हे कागदावर लिहा. जो हात काम करीत नाही तो टाळा. जो हात आपल्यापेक्षा स्वस्तात काम करतो त्याला ते करू द्या.

२) सर्व भांडवल एका दारातून आणू नका. एकाच सावकारावर किंवा एकाच बड्या व्यापाऱ्याच्या उधारीवर चालणारे दुकान त्याने हात आखडताच बंद पडते.

३) वटावाचा हिशेब दरमहा तपासा. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराकडून वटाव घेण्याची पद्धत जानेवारी २०२० पासून बंद आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे : वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्याहून अधिक असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही, तेथे करारात लिहिलेला दर हाच दर. समजा, आपली महिन्याची क्रेडिट कार्डावरील विक्री एक लाख आहे आणि ठरलेल्या दीड टक्क्याऐवजी अडीच टक्के कापले जात आहेत. महिन्याला एक हजार, वर्षाला बारा हजार रुपये गेले. विवरणपत्र मागवा, कार्डाचा प्रकार व दर यांचे रकाने पाहा आणि तफावत दिसल्यास बँकेला लेखी विचारा.

४) करार वाचल्याशिवाय सही करू नका. इंग्रजी येत नसेल तर घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. यंत्राचे भाडे, किमान विक्रीची अट आणि करार मोडण्याचा आकार ही तीन कलमे अवश्य पाहा.

५) आपल्या गिऱ्हाइकाच्या हिशेबातही हीच काळजी घ्या. डिस्कव्हरच्या नोंदीतली चूक दर व्यवहाराला थोड्या पैशांची होती, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत आली नाही. आपल्या वहीतही अशी नोंद राहिली असेल तर ती शोधून काढा. समोरच्याच्या लक्षात येण्याची वाट न पाहता त्याचे पैसे त्याला परत करा.

या महिन्याचे विवरणपत्र हाती आले की आधी तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करावी.