चिठ्ठीवरची तारीख

अंगणातल्या फरशीच्या भेगांतून जमिनीसरपट पसरणारी दुधी तुम्ही पाहिली असेल. पान तोडले की पांढरा चीक येतो. तिचीच एक नातलग अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत आणि मेक्सिकोत उगवते. एल. सी. व्हीलर यांनी १९३४ मध्ये तिला ‘युफोर्बिया अब्रामसियाना’ हे नाव दिले. कॅलिफोर्नियात तिची गणना दुर्मिळ वनस्पतींत होते.

वनस्पती कोठे आढळते हे कसे ठरवतात? त्यासाठी वनस्पतिसंग्रहालयातील नमुने तपासतात. दाबून वाळवलेली वनस्पती जाड कागदावर चिकटवून कोपऱ्यात चिठ्ठी लावलेली असते. तीत नाव, ठिकाण, गोळा करणाऱ्याचे नाव आणि तारीख असते.

यांतील तारीख नीट पाहा. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात बराचसा पाऊस हिवाळ्यात पडतो. मार्च-एप्रिलमध्ये वाळवंट फुलते आणि वनस्पती गोळा करणारेही मुख्यतः तेव्हाच तिकडे जातात. ही चिमुकली दुधी मात्र उन्हाळ्यातील वादळी सरींनंतर उगवते, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये फुलते आणि वाळून जाते. त्या सरीही दरवर्षी सगळीकडे पडत नाहीत.

समजा, एका जागी वसंत ऋतूत २० फेऱ्या झाल्या आणि शरद ऋतूत २. शरदातील दोन्ही फेऱ्यांत वनस्पती सापडली, वसंतात एकदाही नाही. म्हणजे २२ फेऱ्यांत २ नमुने, सुमारे ९ टक्के. केवळ शरदाचा हिशेब केला, तर १०० टक्के! अर्थात दोनच फेऱ्यांवरून ती विपुल आहे, असेही म्हणता येणार नाही.

प्रयोगशाळेत कळ दाबलेली नसताना ॲमीटर शून्य दाखवतो. त्यावरून विद्युतघट संपला असे आपण म्हणतो का? आधी कळ पाहतो. येथे तारीख म्हणजे ती कळ. नमुना नसणे आणि वनस्पती नसणे या भिन्न गोष्टी आहेत.

हा केवळ हिशेबाचा खेळ नाही. वाळवंटात सौर वीजकेंद्र उभारण्यापूर्वी तेथील वनस्पतींची पाहणी करतात. ती फक्त वसंतात केली, तर ‘येथे ही वनस्पती नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि वाळूत निजलेल्या बियांवर यंत्रे फिरतील.

तुम्हीही करून पाहा. शाळेच्या आवारातील एक जागा ठरवा. वर्षभर दरमहा तेथे दुधी शोधा आणि तारखेसह नोंद ठेवा. न दिसल्यास वही कोरी सोडू नका. ‘शोधली, सापडली नाही’ असे लिहा. तीही नोंदच आहे.