संकेतस्थळावरील चित्रे : अंतर्भूत की स्वतंत्र?

ग्रामपंचायत, शाळा वा शासकीय कार्यालय यांचे संकेतस्थळ नागरिक बहुधा मोबाइलवरच उघडतात. जेथे नेटवर्क क्षीण असते, तेथे पान उघडण्यास लागणारा विलंब ही केवळ गैरसोय राहत नाही. अर्ज भरू इच्छिणारा नागरिक कंटाळून तो नाद सोडून देतो. या विलंबाचे एक कारण पानावरील चित्रांच्या योजनेत दडलेले असते.

पानाचे रंग, अक्षरे व रचना ठरविणाऱ्या फाइलला स्टाइलशीट म्हणतात. सजावटीची चित्रे तिच्याद्वारे दोन प्रकारे दाखविता येतात. पहिल्या प्रकारात चित्राची फाइल स्वतंत्र असून स्टाइलशीटमध्ये केवळ तिचा पत्ता असतो. दुसऱ्या प्रकारात चित्रच अक्षररूपात स्टाइलशीटमध्ये अंतर्भूत केले जाते. या पद्धतीचे तांत्रिक विवरण ऑगस्ट १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वतंत्र फाइलसाठी ब्राउझरला सर्व्हरकडे वेगळी मागणी करावी लागते. जुन्या एचटीटीपी १.१ पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी एकावेळी साधारणतः ६ जोडण्याच ठेवतो. उरलेल्या चित्रांचा खोळंबा होतो. चित्रे अंतर्भूत केल्यास या फेऱ्या वाचतात.

तथापि या लाभाचे मोलही द्यावे लागते. 'बेस-६४' रूपांतरात ३ बाइटांची ४ अक्षरे होतात. म्हणजे ३० किलोबाइटचे चित्र ४० किलोबाइटचे होते. संपीडनाने ही वाढ बरीच भरून निघते, पूर्णतः नव्हे. शिवाय स्टाइलशीट हाती येईपर्यंत ब्राउझर सामान्यतः पान दाखवीत नाही; त्यामुळे ती जड झाली की मजकूरही अडून राहतो. स्वतंत्र चित्र ब्राउझर साठवून ठेवतो व पुन्हा वापरतो. अंतर्भूत चित्रांच्या बाबतीत मात्र एक रंग बदलला तरी सर्व चित्रांसह संपूर्ण स्टाइलशीट पुन्हा उतरवून घ्यावी लागते.

२०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी २ पद्धतीत एकाच जोडणीवरून अनेक मागण्या एकाच वेळी जातात. परिणामी चित्रे अंतर्भूत करण्याचा मूळ लाभ पुष्कळसा ओसरला आहे.

सारांश, प्रत्येक पानावर लागणारी अगदी लहान चिन्हे अंतर्भूत करावीत. छायाचित्रे, मोठी बोधचिन्हे व वारंवार बदलणारी चित्रे स्वतंत्र ठेवावीत. संकेतस्थळ तयार करवून घेणाऱ्यांनी त्याची परीक्षा कार्यालयातील वेगवान जोडणीवर न करता, गावातील साध्या मोबाइलवर करणे अगत्याचे आहे.