धानाच्या कोठारात मूल रोडावते कसे?

प्रश्न : माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला गेलो होतो. दरेकसा स्टेशनवरून धनेगावकडे जाताना वाटेत सगळीकडे कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. एका घरी पाणी प्यायला थांबलो. घरात धानाची पोती रचलेली होती, पण दीड वर्षाचे मूल अगदी हाडांचा सापळा. हे कशामुळे? गरिबी की आईवडिलांचे अज्ञान?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पोती तुम्ही पाहिलीत. आता त्या मुलाच्या वाटीत डोकावू.

रोवणीचे दिवस आठवा. आई सकाळीच परे घेऊन चिखलात उतरते ती दिवस मावळताना घरी येते. मूल आजीजवळ, नाहीतर आठ-दहा वर्षांच्या बहिणीजवळ. भूक लागली की वाटीत तांदळाची पातळ पेज आणि चिमूटभर मीठ. दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पेलाभर अन्न मावते. तो पेला पेजेने भरला की मूल गप्प होते आणि आजीला वाटते, जेवले. पण पोटात गेलेले असते बहुतेक पाणीच. या वयाला घट्ट भात हवा, त्यात वरण, वर चमचाभर तेल, जमेल तेव्हा अंडे. आणि असे दिवसातून तीन-चार वेळा, कुणीतरी जवळ बसून भरवलेले. तांदूळ घरात असतो, भरवणारा हात बांधीत असतो.

त्यातच पावसाळ्यात हगवण लागते, ताप येतो. आजारी मूल खात नाही, न खाल्लेले मूल पुन्हा आजारी पडते. अशा दोन-तीन फेऱ्यांत वर्षभराची वाढ वाहून जाते. म्हणून हगवणीत ओआरएसबरोबर चौदा दिवस झिंकची गोळी द्यायची आणि जेवण मुळीच बंद करायचे नाही.

खरे तर गोष्ट त्याही आधी सुरू होते. मुलगी लहान वयात लग्न होऊन येते, अंगात रक्त कमी, गरोदरपणात शेवटपर्यंत मजुरी. बाळ अडीच किलोच्या आत जन्मते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि 25.6 टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. त्याच पाहणीत रोडावलेल्यांचे देशाचे प्रमाण 19.3 टक्के होते. आपल्या संपन्न म्हणवणाऱ्या राज्याला ही लाज वाटायलाच हवी.

तेव्हा ‘अज्ञान’ हा शब्द जरा बाजूला ठेवा. रोवणी सोडून घरी बसली तर मजुरी बुडते, हे त्या आईला आपल्यापेक्षा चांगले कळते.

उपाय आहेत. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरला, म्हणजे पट्टी लाल आली, तर मूल तीव्र कुपोषित. अशांसाठी ग्राम बाल विकास केंद्र असते. सोबत आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. धुऱ्यावर तूर आणि परसात शेवगा असेल तर वरण-भाजी घरचीच.

पण एक भोक मोठे आहे. अंगणवाडीत बसून गरम जेवण मिळते ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. त्याहून लहानांचा आहार पाकिटातून घरी जातो आणि सगळ्या भावंडांत वाटला जातो. मूल सर्वांत जास्त घसरते ते मात्र सहा महिने ते दोन वर्षांच्या काळात. पलीकडे छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग संस्थेने यावर ‘फुलवारी’ काढली. गावातलीच बाई सहा महिने ते तीन वर्षांची मुले दिवसभर सांभाळते, शिजवून भरवते. आई निर्धास्त कामाला जाते. माझ्या मते कचारगडच्या आसपासच्या सालेकसा, देवरी भागात निदान रोवणी-कापणीच्या दिवसांत तरी गावोगाव अशी पाळणाघरे हवीत. नुसती पाकिटे वाढवून हे भागणार नाही.

कचारगडला तुम्ही ज्या गुहेचे दर्शन घेऊन आलात, तिथे कोंडलेल्या तेहतीस मुलांची कथा गोंड समाज सांगतो. गोंडांचे धर्मगुरू पारी कुपार लिंगो यांनी त्या मुलांना सोडवले आणि माता जंगो रायताडने सांभाळले. पोर वाढवायची तर आईच्या जोडीला आणखी हात लागतात, हे या समाजाला आपण शिकवायची गरज नाही. ते हात उभे करायला शासनाने पैसा आणि माणसे द्यायला हवीत.

पुढच्या यात्रेत असे मूल दिसले तर बिस्किटाचा पुडा देऊन पुढे जाऊ नका. गावच्या अंगणवाडीताईला किंवा आशाताईला ते घर दाखवा. आणि मुलाची पावले सुजलेली वाटली तर दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडे खड्डा तसाच राहिला तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात पोहोचवा.